अर्थव्यक्ती आणि अधिकार : व्हिडिओ गेमविषयक तांत्रिक सल्ल्याच्या गद्याची चिकित्सा

प्रस्तावना :

राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात झाल्याची कथा आहे. हे नगर म्हणजे कामदेवाचे क्रीडास्थान, असेही तेथे म्हटले आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम; वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. साहित्य आणि क्रीडा यांची गाठ या नगराशी इतकी जुनी असल्यामुळे खेळाच्या निमित्ताने लिहिल्या जाणाऱ्या गद्याचा विचार वाशीम जिल्ह्यातील एखाद्या मराठी विभागात व्हावा, यात विसंगत असे काही नाही. राजशेखराच्या मनातील क्रीडा वेगळी आणि रिसोड-मानोऱ्याच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या भ्रमणध्वनीवर चालणारी क्रीडा वेगळी, हे अर्थात खरे आहे.

व्हिडिओ गेम खेळताना तांत्रिक अडचण आली की त्याविषयी चारचौघांत प्रश्न विचारावा आणि अनुभवी खेळाडूने त्याचे उत्तर लिहावे, अशी एक लिखित परंपरा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर रूढ झाली. खेळ तयार करणाऱ्या कंपन्यांनी तिला जागा दिली, स्वयंसेवकांनी ती चालवली आणि तिच्यावर देखरेख करणारा 'मॉडरेटर', म्हणजे नियामक, हा नवा अधिकारी तिच्यातून उदयास आला. या परंपरेतील मूळ लेखन प्रामुख्याने इंग्रजीत आहे. मराठी खेळाडूपर्यंत ते भाषांतरित संदेश, चित्रफितीतील निवेदन किंवा भ्रमणध्वनी दुरुस्तीच्या दुकानातील तोंडी सूचना अशा रूपांत पोहोचते. लेखनाचे एवढे मोठे भांडार असूनही गद्य म्हणून त्याची चिकित्सा मराठीत फारशी झालेली नाही. सल्ला उपयोगी पडला की नाही, एवढेच पाहिले जाते. तो कसा लिहिला गेला आणि कोणत्या अधिकाराने लिहिला गेला, हे पाहिले जात नाही. प्रस्तुत लेखात या दोन अंगांनी त्याचा विचार केला आहे.

कसोटी कोणती लावावी?

या गद्याला लावण्याजोगी कसोटी बाहेरून आणण्याचे कारण नाही. दंडीने 'काव्यादर्शा'त वैदर्भ मार्गाचे दहा गुण सांगितले, त्यांतील प्रसाद सर्वांच्या ओठी असतो. पण त्याच यादीतील 'अर्थव्यक्ती' या गुणाची चर्चा त्या मानाने कमी होते. वाक्याचा अर्थ पूर्ण होण्यासाठी वाचकाला बाहेरून काही आणावे लागू नये, जे सांगायचे ते वाक्यातच असावे, असा या गुणाचा आशय आहे. अर्थ ओढून आणावा लागणे हा नेयत्व नावाचा दोष. काव्यात हा दोष घडला तर रसहानी होते. तांत्रिक सल्ल्यात घडला तर वाचणारा गाळलेली जागा आपल्या अंदाजाने भरतो आणि त्या अंदाजावर यंत्राला आज्ञा देतो. विदर्भाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मार्गाचा हा गुण आज कोणत्या लेखनात सर्वाधिक आवश्यक आहे असे विचारले, तर उत्तर 'कवितेत' असे येईलच असे नाही.

'फाइल आणून टाका' :

विंडोज प्रणालीच्या संगणकावर नवा खेळ सुरू करताना 'एमएसव्हीसीपी१४० ही डीएलएल फाइल आढळत नाही' अशा आशयाचा संदेश अनेकांना येतो. ही फाइल खेळाची नसते. मायक्रोसॉफ्टच्या 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल' या मोफत मिळणाऱ्या संचाचा ती भाग असते आणि तो संच कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेऊन बसवला की बहुधा प्रश्न मिटतो. परंतु या प्रश्नाला वर्षानुवर्षे मिळत आलेले लोकप्रिय उत्तर वेगळे आहे : अमुक संकेतस्थळावरून ती एकच फाइल उतरवून घ्या आणि 'सिस्टम३२' या फोल्डरमध्ये टाका.

हे उत्तर किती प्रकारे सदोष आहे, हे पाहण्यासारखे आहे. फाइल कोणी ठेवली, तिच्यात काय आहे, याची शहानिशा करण्याचा मार्ग वाचकाजवळ नाही. दुर्भावनेने तयार केलेला प्रोग्राम संगणकात घुसवण्याचा हा राजमार्ग आहे. दुसरे असे की, विंडोजच्या ६४ बिट आवृत्तीत 'सिस्टम३२' नावाच्या फोल्डरमध्ये ६४ बिट फायली असतात आणि ३२ बिट फायली 'सिसवाव६४' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. नावे अगदी उलटी. जुन्या प्रोग्रामांशी सुसंगती राखण्याच्या गरजेतून आलेली ही विसंगती आहे. ३२ बिट खेळासाठी आणलेली फाइल नावावर विसंबून 'सिस्टम३२'मध्ये टाकली, तर मूळ संदेश हटत नाही किंवा त्याच्या जागी त्याहून अगम्य संदेश येतो. मग वाचक दुसरा सल्ला शोधतो. तो सांगतो, अँटिव्हायरस बंद करून पाहा. अशा रीतीने एका गाळलेल्या माहितीतून तीन धोके निर्माण होतात आणि तिन्ही सल्ले देणारे सद्हेतूने बोलत असतात, हे विशेष. (सिस्टम३२ हे फोल्डरच काढून टाका, म्हणजे संगणक वेगवान होईल, अशी थट्टाही महाजालावर फार जुनी आहे. थट्टा करणारा आणि प्रामाणिक अज्ञानी यांची वाक्यरचना एकच असते. दोघेही आज्ञार्थी क्रियापद वापरतात आणि दोघेही कारण सांगत नाहीत.)

आज्ञार्थ हाच या गद्याचा स्थायीभाव आहे. 'पुन्हा इन्स्टॉल करा', 'ड्रायव्हर अद्ययावत करा', 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' अशा वाक्यांना कर्ता नाही, कारण नाही आणि परिणामही नाही. खेळ काढून पुन्हा बसवल्यास आतापर्यंतची प्रगती राहील की जाईल, हे त्या खेळाची प्रगतीची फाइल कोठे साठवली जाते यावर अवलंबून असते. काही खेळ ती वापरकर्त्याच्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवतात, काही लपलेल्या 'ॲपडेटा'मध्ये, तर काही जुने खेळ स्वतःच्याच फोल्डरात. ही गोष्ट एका वाक्यात सांगता येते. बहुतेक उत्तरांत ते वाक्य नसते. खेळाची प्रगती दूरच्या सर्व्हरवर आणि संगणकावर अशी दोन्हीकडे असून त्यांत फरक पडला, तर 'स्टीम'सारखी प्रणाली दोहोंपैकी कोणती ठेवायची हे विचारते. तेव्हा 'क्लाउडची निवडा' असे उत्तर देणाऱ्याने, शेवटचा खेळ कोणत्या संगणकावर खेळला गेला हे विचारलेले नसेल, तर त्याचे उत्तर म्हणजे नाणेफेक होय.

'डेटा' या शब्दाचे मराठीतील चरित्र :

वाशीमसारख्या जिल्ह्यात खेळ मुख्यत्वे संगणकावर नव्हे, तर भ्रमणध्वनीवर खेळला जातो, आणि तो भ्रमणध्वनी पुष्कळदा एकट्या विद्यार्थ्याचा नसून घराचा असतो. त्यावर वडिलांचे पैशांचे व्यवहार असतात, सोयाबीनच्या भावाचे संदेश असतात, बहिणीचा ऑनलाइन अर्जही तेथूनच भरलेला असतो. सदोष सल्ल्याची किंमत येथे केवळ खेळाच्या प्रगतीत मोजता येत नाही.

या संदर्भात एका शब्दाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. अँड्रॉइड प्रणालीत कोणत्याही ॲपविषयी दोन भिन्न क्रिया उपलब्ध असतात. तात्पुरत्या फायली काढणे म्हणजे 'कॅशे' साफ करणे. ॲपची सर्व साठवण पुसून त्याला पहिल्या दिवसाच्या अवस्थेत नेणे म्हणजे 'डेटा' साफ करणे. खेळ अडखळू लागला की पहिली क्रिया करून पाहण्यास हरकत नसते. दुसरी क्रिया केली आणि खेळाडू खाते न जोडता 'गेस्ट' म्हणून खेळत असेल, तर त्याची महिनोन्‌महिन्यांची प्रगती नष्ट होऊ शकते. सल्ल्यात मात्र या दोन्ही क्रिया 'कॅशे-डेटा क्लिअर करा' अशा एका जोडशब्दात एकत्र येतात, जणू ते 'चहा-पाणी' किंवा 'भाजी-भाकरी' यांसारखे सहज जोडून बोलायचे शब्द आहेत.

त्यातही मराठी बोलण्यात 'डेटा' या शब्दाला स्वतःचे चरित्र लाभले आहे. 'डेटा संपला', 'डेटा मारला', 'दीड जीबी डेटा उरला' या प्रयोगांत डेटा म्हणजे दिवसाचा इंटरनेटचा कोटा. संपतो आणि रात्री बारानंतर पुन्हा मिळतो असा पदार्थ. ज्याच्या मनात हा अर्थ दृढ झाला आहे त्याला 'डेटा साफ करा' या सूचनेत भय वाटण्याचे कारणच नाही. साफ केलेला डेटा उद्या परत येईल, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. इंग्रजी सल्ला शब्दशः उचलणाऱ्या भाषांतरकाराला हा अर्थभेद जाणवत नाही. शब्द मराठीत आला म्हणजे अर्थही आला, असे गृहीत धरून तो पुढे जातो. पारिभाषिक कोशांनी 'डेटा'साठी 'विदा' हा शब्द दिला, त्याने येथे काम भागले असते असेही नाही, कारण तो खेळाडूच्या बोलीत नाही. 'ही क्रिया केल्यास खेळातील तुमची सगळी कमाई पुसली जाईल' एवढे साधे वाक्य कोणत्याही परिभाषेपेक्षा अधिक काम करते.

प्रश्नाविना उत्तर :

रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या तीन मार्गांनी करावी, असे वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त सांगितले. लेखी सल्ल्यात दर्शन नाही आणि स्पर्शनही नाही. उरतो केवळ प्रश्न. म्हणून लेखी सल्ला देणाऱ्याने वैद्यापेक्षा अधिक प्रश्न विचारायला हवेत. प्रत्यक्षात तो सर्वांत कमी विचारतो. संगणकाची स्मरणशक्ती किती, चित्रपत्र कोणते, प्रणालीची आवृत्ती कोणती, बिघाड कोणत्या बदलानंतर सुरू झाला, हे न विचारता तयार उत्तर चिकटवण्याची सवय इतकी सार्वत्रिक झाली आहे की विंडोजच्या कोणत्याही तक्रारीवर 'एसएफसी स्कॅननाऊ' ही एकच आज्ञा सुचवणे हा जागतिक विनोदाचा विषय बनला. ती आज्ञा निरुपयोगी नाही. प्रणालीच्या बिघडलेल्या फायली ती तपासते व दुरुस्त करते. पण आवाज येत नाही, खेळ उघडत नाही, छपाई होत नाही, या सर्वांवर तीच मात्रा देणारा वैद्य एकही रोगी तपासत नाही, हे उघड आहे.

वाशीम जिल्ह्यातील वाचकाला याचे उदाहरण शेतात मिळेल. सोयाबीनचे पान पिवळे पडले एवढ्यावरून निदान होत नाही. पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा पिवळा मोझॅक विषाणू असेल, लोहाची कमतरता असेल किंवा पाणी साचून मुळांचा श्वास कोंडला असेल. पिवळेपणा कोठून सुरू झाला, शिरा हिरव्या आहेत का, पाऊस किती झाला, हे विचारल्यावाचून हातात बाटली देणारा सल्लागार आणि 'ड्रायव्हर टाका' म्हणणारा सल्लागार यांची जात एक.

उत्तराला संदर्भ असावा लागतो, हे मराठी गद्याला नव्याने शिकवण्याची गरज नाही. महानुभाव परंपरेने चक्रधरांची वचने सूत्ररूपाने वेगळी काढली, पण सूत्र एकटे राहिले की त्याचा अर्थ निसटतो हे ओळखून कोणते वचन कोणत्या प्रसंगी, कोणास उद्देशून निघाले हे सांगणारे 'प्रकरणवश' त्यांना जोडले. तांत्रिक उत्तरांच्या भांडारात सूत्रे लाखो आहेत; प्रकरणवश नाही. एका विशिष्ट आवृत्तीसाठी दिलेले बरोबर उत्तर त्या आवृत्तीचा उल्लेख न करता तसेच राहते आणि चार-पाच वर्षांनी दुसऱ्या कोणाची दिशाभूल करते. चूक उत्तर आणि शिळे झालेले बरोबर उत्तर यांत वाचकाला भेद करता येत नाही, कारण दोन्हींची वेशभूषा सारखीच असते. याहून क्लेशदायक प्रकार म्हणजे प्रश्नकर्त्याने 'सुटले, धन्यवाद' एवढेच लिहून निघून जाणे. कसे सुटले, हे त्याने लिहिलेले नसते. नेमका तोच बिघाड घेऊन आलेला पुढचा वाचक त्या दोन शब्दांपाशी उभा राहतो.

नियामकाचा अधिकार :

आता दुसरे अंग. नियामकाने काय करावे, याविषयी लिखित नियम बहुतेक ठिकाणी असतात. ते शिवीगाळ, जाहिरातबाजी, फसवणूक, चोरीच्या प्रतींची चर्चा, विषयांतर यांविषयी असतात. हे सर्व नियम आचरणाचे आहेत. सल्ला बरोबर आहे की नाही, हे पाहण्याचे काम त्यांत सहसा कोणाकडेही सोपवलेले नसते. परिणामी सभ्य भाषेत दिलेला घातक सल्ला जागेवर राहतो आणि त्या सल्ल्यावर चिडून लिहिलेली योग्य हरकत काढली जाते. नवख्याने आधी विचारलेला प्रश्न पुन्हा विचारला, तर 'यापूर्वी उत्तर दिले आहे' असे सांगून त्याची चर्चा बंद होते; यापूर्वीचे ते उत्तर आजही लागू पडते का, हे तपासले जात नाही. न्यायालयाच्या परिभाषेत बोलायचे तर येथे न्यायाधीश आहे, पण तो साक्षीदाराचा आवाज किती चढला एवढेच पाहतो.

याचा दोष एकट्या नियामकावर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. तो बहुधा विनावेतन काम करतो. अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या स्वयंसेवकांनी १९९९ मध्ये, आपण केलेले काम नोकरीचेच होते, असा दावा न्यायालयात दाखल केला आणि तो प्रदीर्घ काळानंतर तडजोडीने मिटला, हा इतिहास या क्षेत्राच्या आरंभीच्या काळातला. खेळ विकतो कोण आणि बिघाड झाल्यावर उत्तरे देतो कोण, या प्रश्नाचे उत्तर तेव्हापासून फारसे बदललेले नाही. कंपनीचा सहाय्यखर्च वाचतो. स्वयंसेवकाला पद मिळते. आणि पदाला ज्ञानाची पूर्वअट नसते. खेळ खूप खेळलेला मनुष्य यंत्र जाणतोच असे नाही. बैलगाडा शर्यत जिंकणाऱ्याला गुरांचा डॉक्टर नेमण्याचाच हा प्रकार.

भारतातील अलीकडच्या घटनांनी ही उणीव अधिक ठळक केली. पबजी मोबाईल या खेळावर २ सप्टेंबर २०२० रोजी इतर ११७ ॲपसह बंदी आली. त्याचा भारतीय अवतार बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये ॲप स्टोअरमधून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, फ्री फायर हा खेळही बंदीच्या यादीत गेला. या निर्णयांच्या युक्तायुक्ततेची चर्चा येथे प्रस्तुत नाही. परंतु अधिकृत दार बंद झाल्यावर खेळाडूंची संख्या कमी न होता सल्लागारांची संख्या वाढते, हे या काळात दिसून आले. कोठून तरी आणलेली 'एपीके' फाइल बसवा, अज्ञात स्रोतांना परवानगी द्या, व्हीपीएन चालू करा, असे सल्ले मराठी चित्रफितींतून खुलेआम दिले गेले. अज्ञात स्रोतांना परवानगी देणे म्हणजे नेमके काय, ती परवानगी नंतर काढून घ्यावी का, हे सांगण्याची तसदी क्वचितच कोणी घेतली. जुन्या भ्रमणध्वनीवर खेळ सुरळीत चालावा म्हणून सुचवली जाणारी तथाकथित 'जीएफएक्स' साधने याच जातीची. अनधिकृत साधनांमुळे खेळाडूचे खाते बंद होऊ शकते, ही बाब सल्ल्यात नसते. खाते बंद झाल्यावर ते परत कसे मिळवावे, हा नवा सल्ला मात्र तयार असतो.

कायद्याकडे पाहावे तर तेथेही हा विषय निसटतो. २५ फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तक्रार निवारण अधिकारी नेमणे मध्यस्थ कंपन्यांना बंधनकारक केले आणि मूळ नियमांत तक्रारीची पोच चोवीस तासांत व निर्णय पंधरा दिवसांत अशी मुदत घातली. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने कंपनीचे नियम आठव्या अनुसूचीतील भाषांतही, म्हणजे मराठीतही, वापरकर्त्याला उपलब्ध व्हावेत असे म्हटले, आणि २०२३ च्या आरंभी अपिलासाठी तीन समित्या नेमल्या गेल्या. २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांना प्रतिबंध करतो. या साऱ्या व्यवस्थेत बेकायदा मजकूर, बदनामी, फसवणूक, जुगार यांना स्थान आहे. प्रामाणिकपणे दिलेला चुकीचा सल्ला यांपैकी कशातच बसत नाही, आणि बसू नये हेही योग्यच. चूक करणे हा गुन्हा ठरला तर उत्तर देण्यास कोणी पुढे येणार नाही.

मग चूक दुरुस्त कोठे व्हावी? या बाबतीत १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया तुलनेसाठी उपयुक्त ठरतो. त्यातील मजकूर सर्वत्र निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु तेथे प्रत्येक बदलाचा इतिहास दिसतो, वादाचे पान वेगळे असते आणि चुकीचे वाक्य त्याच जागी सुधारता येते. खेळांच्या सल्ल्यात चुकीचे उत्तर वर राहते आणि त्याची दुरुस्ती, असलीच तर, कितीतरी उत्तरांच्या खाली दडलेली असते. घाईत असलेला वाचक वरचे वाचतो. येथे नियामकाजवळ एक अधिकार असतो जो तो सहसा वापरत नाही : जुन्या उत्तरावर 'हे आता लागू नाही' असे लिहिण्याचा. त्यासाठी तंत्रज्ञ असण्याचीही गरज नाही. तारीख वाचता आली की पुरे.

अखेरीस एक बाब महाविद्यालयाच्या अंगणातली. व्यावहारिक मराठीच्या अभ्यासपत्रिकांत अर्ज, इतिवृत्त, जाहिरात, वृत्तलेखन यांचा सराव वर्षानुवर्षे करून घेतला जातो. बिघाडाचे वर्णन लिहिणे मात्र शिकवले जात नाही : काय करत असताना बिघाड झाला, कोणता संदेश आला, त्यापूर्वी काय बदलले होते, आतापर्यंत कोणते उपाय करून पाहिले, हे चार वाक्यांत मांडणे. त्यामुळे आपला विद्यार्थी प्रश्न विचारायला जातो तेव्हा 'गेम चालत नाही, उपाय सांगा' एवढेच लिहितो आणि त्याला तेवढ्याच लांबीचे उत्तर मिळते. त्या उत्तराने घरातला भ्रमणध्वनी बिघडला की तो वर्गात शिकवलेले तेवढे एकच लेखन करू शकतो : 'महोदय' या संबोधनाने सुरू होणारा तक्रार अर्ज. तो ज्या अधिकाऱ्याकडे जातो, त्याच्या कार्यकक्षेत हा विषयच येत नाही.